दोष कुणाचा हे ठरवण्याआधी फेरा काढून बघा: घर, वर्ग आणि प्रशिक्षणासाठी प्रणालीविचार

मूल अभ्यासाला बसत नाही म्हणून आई मागे लागते. मुलाला विचाराल तर तो सांगेल, आई सारखी मागे लागते म्हणून बसावंसंच वाटत नाही. दोघंही खरं बोलतायत, आणि म्हणूनच हे भांडण वर्षानुवर्षं मिटत नाही. घटना त्याच आहेत, फक्त त्यांची सुरुवात कुठून धरायची यावर दोघांचं एकमत नाही.

कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे मनोविकारतज्ज्ञ डॉन जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात कुटुंबांकडे या नजरेने बघायला सुरुवात केली. घरातल्या एकाचं वागणं हे बाकीच्यांच्या वागण्याचं फळही असतं आणि बाकीच्यांच्या वागण्याचं कारणही. त्याच दशकात अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, एमआयटीत, जे फॉरेस्टर नावाचे विद्युत अभियंते अगदी वेगळ्या प्रश्नात गुंतले होते. जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतल्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यांत कधी तीन-चार पाळ्या चालत, आणि काही वर्षांनी निम्म्या माणसांना घरी बसवावं लागे. व्यवस्थापक बाजाराच्या तेजी-मंदीकडे बोट दाखवत. फॉरेस्टरनी वहीच्या पानावर पेन्सिलीने हिशेब मांडला: माल किती पडून आहे, मागणी किती, माणसं कोणत्या नियमाने भरली जातात. बाहेरून येणारी मागणी अगदी स्थिर धरली तरी नोकऱ्यांचे चढउतार थांबेनात. गोंधळ भरतीच्या आणि उत्पादनाच्या नियमांतूनच जन्माला येत होता.

पुढे सिस्टिम डायनॅमिक्स नावाने जी शाखा वाढली तिची ही सुरुवात. प्रणालीविचार किंवा सिस्टिम्स थिंकिंग म्हणजे एकट्या माणसाकडे न बघता एकमेकांवर परिणाम करणाऱ्या सगळ्या गोष्टींकडे एकत्र बघणं; त्या नावाने आज जे शिकवलं जातं त्यातला बराच भाग तिच्यातून आलाय. घरी किंवा वर्गात तो वापरायला सॉफ्टवेअर लागत नाही, कागद-पेन्सिल पुरते. वेळ मात्र लागतो. पहिल्या चार पायऱ्या एका बैठकीत होतील, पुढच्या दोन काही आठवडे घेतील.

पायरी १: तक्रारीची रेघ काढा

आडवी रेघ म्हणजे काळ, उभी म्हणजे जे मोजायचंय ते. ‘मुलगी आळशी झालीये’ या वाक्याची रेघ निघत नाही. ‘कुणी न सांगता अभ्यासाला बसली असे आठवड्यातले दिवस’ याची निघते. ‘नव्या लोकांना कामाचं गांभीर्य नाही’ याची निघत नाही, पण ‘दर महिन्याला पुन्हा करावं लागलेलं काम’ याची सहज निघते. समस्येला माणसाचं नाव किंवा स्वभावाचं विशेषण चिकटलेलं असेल तर ते खरवडून काढणं हेच या पायरीचं खरं काम.

काळ लांबचा घ्या. गेल्या मंगळवारी झालेली आदळआपट पुरत नाही, सगळं बरं चाललं होतं तिथपर्यंत मागे जा. आकडे अचूक नसले तरी बिघडत नाही. रेघ हळूहळू उतरली, एकदम कोसळली, की वर-खाली होत राहिली, हे दिसलं की झालं. एकदम कोसळलेली रेघ बाहेरच्या एखाद्या घटनेकडे बोट दाखवते. सावकाश उतरत गेलेली किंवा सतत हेलकावे खाणारी रेघ असेल, तर कारण बहुधा आतल्या रचनेत सापडतं.

घरातल्या प्रत्येकाने आपापली रेघ वेगळ्या कागदावर, एकमेकांचं न बघता काढावी. मग कागद शेजारी शेजारी ठेवा. आईच्या कागदावर घसरण या वर्षी सुरू होते आणि मुलीच्या कागदावर ती धाकट्या भावाच्या जन्मापासून सुरू होते, असं काही निघालं तर कोण बरोबर यावर वाद घालू नका. तो फरक हीच तुम्हाला आज मिळालेली सर्वांत मोलाची माहिती आहे.

त्याच कागदावर दुसऱ्या रंगाने आणखी एक रेघ काढा: त्या काळात आपण काय केलं? किती वेळा आठवण केली, किती वेळा रागावलो, किती नवे नियम लावले? पुष्कळ घरांत या दोन रेघा एकमेकींच्या विरुद्ध दिशेला जाताना दिसतील. उपाय वाढतायत आणि दुखणंही वाढतंय.

इथे एक सापळा आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन एकदा इस्रायलच्या हवाई दलातल्या उड्डाण-प्रशिक्षकांना सांगत होते की शिक्षेपेक्षा कौतुकाने माणूस चांगला शिकतो. त्यावर एका अनुभवी प्रशिक्षकाने हरकत घेतली. त्याचं म्हणणं असं की विमान सुरेख हाताळलं म्हणून शाबासकी दिली की पुढच्या वेळी तोच पोरगा चुका करतो, आणि झापलं की पुढच्या वेळी सुधारतो. प्रशिक्षकाचं निरीक्षण खोटं नव्हतं, कारण मात्र चुकलं होतं. अपवादात्मक चांगल्या प्रयत्नानंतरचा प्रयत्न बहुतेकदा सरासरीकडे परततो, अपवादात्मक वाईट प्रयत्नानंतरचाही परततो. कुणी काहीही बोललं नसतं तरी हेच झालं असतं. म्हणजे झापणाऱ्याला आयुष्यभर बक्षीस मिळत राहतं आणि कौतुक करणाऱ्याला शिक्षा. चाचणीत फार कमी गुण पडले, घरात गहजब झाला, पुढच्या चाचणीत बरे पडले, म्हणून गहजब कामी आला असं धरून बसणारी घरं याच सापळ्यात आहेत. दोन टिंबांवरून कारण काढायचं नाही, निदान आठ-दहा टिंबं हवीत.

पायरी २: साठतंय काय ते शोधा

पाण्याच्या टाकीचं उदाहरण या विषयात सगळे देतात, कारण त्याहून सोपं सापडत नाही. वरून नळ, खालून गळती. टाकीतली पातळी या दोन्हींच्या फरकाने ठरते. नळ मोठा केला तरी गळती त्याहून मोठी असेल तर पातळी खालीच जाणार. हे ऐकताना बालिश वाटतं. पण लिंडा बूथ स्वीनी आणि जॉन स्टर्मन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एमआयटीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अशाच टबातल्या पाण्याचे आलेख काढायला सांगितले होते, आणि उत्तम गणित येणाऱ्या पुष्कळांचे चुकले. आवक आणि साठा यांची गल्लत हुशारीने टळत नाही.

घरात आणि वर्गात साठणाऱ्या गोष्टी कोणत्या? विश्वास, थकवा, सराव, राग, ‘मला जमतं’ हा भरवसा, आणि अभ्यासाची थकबाकी. शेवटच्या गोष्टीवर जरा थांबू या, कारण तिथेच सर्वांत जास्त चुकीचे निर्णय घेतले जातात.

समजा वर्गात आठवड्याला १० नव्या गोष्टी शिकवल्या जातात आणि एका मुलाला त्यातल्या ८ पचतात. आठवड्याला २ ची थकबाकी, ३० आठवड्यांत ६०. मध्येच कुणाच्या तरी लक्षात येतं, जादा शिकवणी लावली जाते, आणि मूल आता ९ गोष्टी पचवू लागतं. ही खरी सुधारणा आहे. पण थकबाकी अजूनही दर आठवड्याला १ ने वाढतेच आहे. परीक्षेतला निकाल थकबाकी दाखवतो, सुधारणा दाखवत नाही. म्हणून घरचे म्हणतात, ‘एवढी शिकवणी लावून काय उपयोग झाला?’ आणि मूल मनात म्हणतं, ‘मेहनत करूनही काही होत नाही.’ दोघांचाही निष्कर्ष चुकीचा आहे. थकबाकी कमी व्हायला आठवड्याला १० हून जास्त गोष्टी पचायला हव्यात, किंवा काही काळ नव्या गोष्टींची आवक कमी व्हायला हवी. दुसरा पर्याय शाळेला आवडत नाही, पण कित्येकदा तोच एक खरा असतो.

यात आणखी एक गोम आहे. थकबाकी नुसती पडून राहत नाही. अपूर्णांक कच्चे राहिले की बीजगणितातली दर दुसरी ओळ अडते, म्हणजे ८ चे ७ होतात, ७ चे ६. वाचनाच्या बाबतीत कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये हेच मांडलं: सुरुवातीला वाचन जमलेलं मूल जास्त वाचतं, त्यातून त्याचे शब्द वाढतात, म्हणून वाचन आणखी सोपं होतं. सुरुवातीला अडखळलेलं मूल वाचन टाळतं आणि अंतर आपोआप रुंदावत जातं. पहिल्या वर्षी दोन मुलांत जो फरक दिसतो तो बुद्धीचा नसून निव्वळ सुरुवातीचा असू शकतो, पाच वर्षांनी मात्र तो बुद्धीचाच वाटू लागतो.

पायरी ३: फेरा काढा, आणि स्वतःला त्यात बसवा

आता बाण. प्रत्येक बाणाच्या दोन टोकांना कमी-जास्त होऊ शकणारी गोष्ट हवी. ‘आई’ कमी-जास्त होत नाही, ‘आईची काळजी’ होते. ‘शिक्षक’ नको, ‘शिक्षकाने एका मुलाला दिलेला वेळ’ चालेल. बाणावर ‘स’ लिहा जर एक गोष्ट वाढली की दुसरी वाढते आणि एक घटली की दुसरीही घटते, म्हणजे सारख्या दिशेने. ‘उ’ लिहा जर उलट दिशेने जात असेल.

सुरुवातीचंच उदाहरण घेऊ. स्वतःहून अभ्यासाला बसणं कमी झालं की आईची काळजी वाढते: उ. काळजी वाढली की आठवण करणं वाढतं: स. आठवण करणं वाढलं की ‘हे माझं काम आहे’ ही मुलाची भावना कमी होते: उ. ती कमी झाली की स्वतःहून बसणं आणखी कमी होतं: स. फेरा पूर्ण झाला. आता त्यातले ‘उ’ मोजा. सम संख्येत असतील, शून्य धरून, तर तो फुगत जाणारा फेरा. जी दिशा मिळाली त्या दिशेने तो स्वतःलाच ढकलत राहतो. विषम असतील तर सावरणारा फेरा, तो गोष्टी एका पातळीवर आणून धरतो. इथे ‘उ’ दोन आहेत. फुगणारा.

पण चित्र अजून अर्धंच आहे. आठवण केली की आज रात्री तरी मूल बसतं: स. बसलं की काळजी कमी होते: उ. काळजी आणि आठवण यांच्यात आधीचाच ‘स’. इथे ‘उ’ एकच, म्हणजे हा सावरणारा फेरा. आठवण करणं आज रात्रीपुरतं खरोखर चालतं! म्हणूनच ते सुटत नाही. लहान फेरा रोज रात्री आईला सांगतो की उपाय बरोबर आहे, आणि मोठा फेरा काही महिन्यांनी दाखवतो की त्याच उपायाने मुलाची स्वतःची सवय पोखरली गेली. ताबडतोब गुण देणारा उपाय मूळ क्षमतेला खात जातो, ही मांडणी या विषयात इतक्या वेळा भेटते की एकदा ओळखता आली की सगळीकडे दिसू लागते. मुलाचं दप्तर रोज भरून देणं, वर्गात उत्तर येईना म्हणून शिक्षकाने स्वतःच सांगून टाकणं, कनिष्ठाचं काम वरिष्ठाने ‘मीच पटकन करतो’ म्हणून ओढून घेणं, हे सगळे त्यातलेच प्रकार.

ओरेगॉनमध्ये जेराल्ड पॅटरसन यांनी भांडखोर मुलांच्या घरी निरीक्षक पाठवून असाच एक फेरा बारकाईने टिपला. पालक काहीतरी करायला सांगतात, मूल आकांडतांडव करतं, पालक कंटाळून सोडून देतात, मूल शांत होतं. मुलाला सांगितलेलं काम टळलं आणि पालकांना शांतता मिळाली. दोघांनाही त्या क्षणी बक्षीस मिळालं, म्हणून दोघंही तेच शिकले. पुढच्या वेळी मूल थोडं वरच्या पट्टीत सुरू करतं. यात कुणी वाईट नाही, पण फेरा वाईट आहे.

चित्र पुरं झालं की एकच तपासणी करा: यात तुम्ही स्वतः आहात का? नसाल तर तुम्ही फेरा काढलेला नाही, तक्रारीला बाण जोडलेत.

पायरी ४: उशीर कुठे आहे ते खुणा करून ठेवा

जिथे परिणाम दिसायला वेळ लागतो त्या बाणावर दोन आडव्या रेघा मारा. एवढंच काम. पण ते टाळलं तर पुढचं सगळं फसतं.

एमआयटीत दशकानुदशकं खेळवला जाणारा बिअर वितरणाचा एक खेळ आहे. किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना अशा चार जागा, प्रत्येकाला फक्त शेजाऱ्याची ऑर्डर दिसते आणि माल पोचायला काही आठवडे लागतात. गिऱ्हाइकाची मागणी अख्ख्या खेळात एकदाच बदलते, आठवड्याला ४ पेट्यांवरून ८ वर, आणि मग तिथेच राहते. तरी खेळाडू आधी तुटवड्यात सापडतात, घाबरून ऑर्डर वाढवत नेतात, आणि शेवटी न खपणाऱ्या मालाखाली दबून जातात. कारखान्याची जागा घेतलेला खेळाडू खेळ संपल्यावर बहुधा शपथेवर सांगतो की गिऱ्हाईक लहरी होतं.

घरात पेट्या नसतात, बाकी सगळं असतं. नवी पद्धत सुरू केली, दोन आठवड्यांत फरक दिसला नाही, दुसरी आणली, तीही सोडली. तीन महिन्यांनी मुलाच्या वागण्यात काहीतरी बदलतं आणि ते कशामुळे, हे सांगायला कुणाकडेच काही नसतं. म्हणून उपाय सुरू करण्याआधी कागदावर लिहा: याचा गुण यायला किती दिवस लागतील? तोपर्यंत दुसरं काही सुरू करायचं नाही.

प्रशिक्षणातले पहिले पाढे पंचावन्न

कर्मचारी चांगलं प्रशिक्षण घेऊन येतो, महिन्याभरात सगळं पुन्हा पूर्वीसारखं. मग म्हणतात, पालथ्या घड्यावर पाणी. घडा पालथा आहे की नाही हे बघण्याआधी तो परत कुठे ठेवला जातो हे बघायला हवं.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजण्याच्या चार पातळ्या मांडल्या: कसं वाटलं, काय शिकलात, वागणं बदललं का, आणि कामावर परिणाम झाला का. पहिल्या पातळीचा फॉर्म शेवटच्या दिवशी भरून घेतला जातो. खरी गळती मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीच्या मध्ये होते, आणि तिथे सहसा कुणी उभं नसतं.

फेरा असा असतो: नवी पद्धत सुरुवातीला हात मंद करते. हात मंद झाला की दिवसाचं ठरलेलं काम मागे पडतं. काम मागे पडलं की वरचा माणूस म्हणतो, ‘ते नंतर बघू, आत्ता नेहमीसारखं उरक.’ सराव तुटतो, शिकलेलं विरतं, चुका वाढतात, आणि चुका वाढल्या म्हणून पुन्हा प्रशिक्षणाला पाठवलं जातं. नेल्सन रिपेनिंग आणि जॉन स्टर्मन यांनी २००१ मध्ये याला क्षमतेचा सापळा म्हटलं. क्षमता वाढवायला काढलेला वेळ आजच्या उत्पादनातून जातो, त्याचं फळ उशिरा येतं. जास्त राबवून घेण्याचं फळ ताबडतोब येतं आणि त्याची किंमत उशिरा कळते. आधी थोडं बिघडेल आणि मग सुधारेल, हे ज्याने आधीच सांगून ठेवलेलं नाही त्याला पहिल्या उतारावरच माघार घ्यावी लागते.

म्हणून प्रशिक्षण ठरवताना अभ्यासक्रमाआधी परतल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांचं वेळापत्रक बनवा. त्या काळात ठरलेलं काम किती कमी करणार, हे आकड्यात लिहून वरिष्ठाची सही घ्या. शक्य असेल तर वरिष्ठालाच आधी तेच प्रशिक्षण द्या, निदान त्याला नवी पद्धत दिसल्यावर ती ओळखता तरी येईल. उजळणी एकदम न करता अंतराअंतराने ठेवा. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो. पहिली उजळणी महिन्याने ठेवणं म्हणजे गाडी गेल्यावर फाटक लावणं. आणि एकट्याला पाठवू नका. एकाच टेबलावरचे दोघं शिकून आले तर जुनी पद्धत त्यांना तितक्या सहज ओढून घेत नाही.

पायरी ५: हात कुठे घालायचा

प्रणालींच्या अभ्यासक डोनेला मेडोज यांनी १९९९ मध्ये प्रणालीत हस्तक्षेप करण्याच्या १२ जागांची एक उतरंड मांडली. तळाला आकडे: किती तास, किती गुण, किती दंड. त्यांच्या वर कुठे तरी माहिती कुणाला मिळते, नियम कोण ठरवतं, आणि त्याहून वर, ही सगळी धडपड कशासाठी चालली आहे हे उद्दिष्ट. आपली बहुतेक ताकद तळाशी खर्च होते. अभ्यासाचा एक तास वाढवला, मोबाइलचा अर्धा तास कमी केला. आकड्यांना कधीच अर्थ नसतो असं नाही (वरच्या थकबाकीच्या हिशेबात तेच निर्णायक होते), पण फेरा तसाच ठेवून आकडा बदलला तर फेरा तो आकडा गिळतो.

माहितीची जागा मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण ती स्वस्त आहे. मेडोज एक किस्सा सांगत: ॲमस्टरडॅमजवळच्या एका वसाहतीत घरं सारखीच होती, पण काहींत विजेचा मीटर तळघरात होता आणि काहींत दाराजवळ, येता-जाता दिसेल असा. दाराजवळ मीटर असलेल्या घरांत वीज सुमारे ३० टक्के कमी वापरली जाई. कुणी दर वाढवले नव्हते, उपदेश केला नव्हता.

आता आपल्या घरातला मीटर कुठे आहे ते पाहा. मुलाच्या अभ्यासात काय राहिलंय याची यादी आईच्या डोक्यात असते, शिक्षकांच्या वहीत असते, पालकसभेत त्यावर चर्चा होते. ज्याचा अभ्यास आहे त्याला ती सर्वांत शेवटी आणि बोलणी खाताना कळते. ती यादी मुलाच्या स्वतःच्या अक्षरात, त्याच्या टेबलासमोर हवी. त्याने खोडायची, त्यानेच भरायची. तुम्ही ती वाचून त्यावर शेरा मारलात की मीटर पुन्हा तळघरात गेला.

उद्दिष्टाची जागा अवघड आहे. डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात बजावलं होतं की एखादा मोजमापाचा आकडा निर्णयांसाठी जितका जास्त वापरला जाईल तितका तो भ्रष्ट होत जाईल आणि ज्याचं मोजमाप करायचं होतं तेही बिघडवेल; त्यात शाळेतल्या परीक्षांचा उल्लेखही आहे. गुण वाढवणं हेच उद्दिष्ट झालं की पाठांतर, अपेक्षित प्रश्न आणि नक्कल हे त्या प्रणालीचे दोष राहत नाहीत, ती अगदी सांगितलं तेच करतेय असं म्हणावं लागतं. एकटा पालक परीक्षापद्धत बदलू शकत नाही. पण घरात पहिला प्रश्न ‘किती पडले?’ असावा की ‘कुठला प्रश्न चुकला आणि का?’ एवढं तर त्याच्या हातात आहे.

फॉरेस्टर यांचा एक टोचणारा अनुभव इथे लक्षात ठेवण्यासारखा: कळीची जागा पुष्कळदा लोकांना माहीत असते, पण ते ती उलट्या दिशेने ढकलत असतात. मुलाशी बोलायला हवं हे प्रत्येक आईबापाला ठाऊक असतं, आणि बोलणं वाढवलं की सूचनाच वाढतात.

पायरी ६: एकच बदल, अंदाज लिहून

फेऱ्यातला एक बाण निवडा. ज्याचं टोक तुमच्या स्वतःच्या वागण्यात आहे असाच निवडा, कारण बाकीचे तुमच्या ताब्यात नाहीत. आठवण करण्याच्या फेऱ्यात ‘काळजी वाढली की आठवण वाढते’ हा बाण पालकांचा आहे. तो तोडायचा तर गुपचूप तोडू नका, मुलाला कागद दाखवून तोडा. बोलणं साधारण असं होईल:

‘सोमवारपासून मी अभ्यासाची आठवण करणार नाही.’

‘म्हणजे बाबा, तू रागावलायस?’

‘नाही रे. मी आठवण ठेवतो म्हणून तुला ठेवावी लागत नाही, असं मला या कागदावर दिसतंय. तुला काय वाटतं?’

‘तू सांगितलं नाहीस तर मी विसरेन.’

‘विसरशील. पहिले काही दिवस तर नक्कीच. मग काय करायचं ते आपण आत्ताच ठरवून टाकू.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. आधी बिघडणार हे गृहीत धरलेलं आहे, आणि त्या वेळी काय करायचं हे शांत डोक्याने आधीच ठरतंय. कागदाच्या खालच्या बाजूला तीन ओळी लिहा: काय बदललं, पहिल्या काही दिवसांत काय बिघडेल असं वाटतं, आणि कोणत्या तारखेला पुन्हा बसायचं. अंदाज लिहिलेला नसेल तर काहीही झालं तरी ‘मला माहीतच होतं’ असं म्हणता येतं.

मधल्या काळात घरातलाच दुसरा कुणी, बहुतेकदा आजी-आजोबा किंवा ज्याने कागद पाहिला नाही असा पालक, तोच बाण पुन्हा जोडून देईल. प्रणाली आपल्या जुन्या पातळीला अशी परत येते. त्यांना बाहेर ठेवून हा प्रयोग होत नाही. त्यांचाही कागद, त्यांचीही रेघ.

मुलांना हे शिकवायचं असेल तर

ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये ऑरेंज ग्रोव्ह ही माध्यमिक शाळा आहे. एमआयटीतून निवृत्त झालेले गॉर्डन ब्राउन तिथे राहायला आले आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी तिथल्या शिक्षकांना सिस्टिम डायनॅमिक्सची ओळख करून दिली. फ्रँक ड्रेपर या जीवशास्त्राच्या शिक्षकाने ते वर्गात आणलं. मुलं प्राण्यांच्या संख्येच्या चढउताराची संगणकावर मॉडेल बनवू लागली, शिक्षक पुढे उभं राहून सांगण्याऐवजी मुलांमध्ये फिरू लागला.

मॉडेलपर्यंत जायची घाई नको. लहान मुलांना फक्त रेघ पुरे. एखादी गोष्ट सांगून झाली की विचारा, यात काय वाढत गेलं? राजाचा लोभ, दोन मित्रांमधला राग, जंगलातली झाडं. त्याची रेघ काढायला लावा आणि ती जिथे वळली तिथे बोट ठेवायला सांगा. भांडण झालं की ‘कुणी सुरू केलं’ हा प्रश्न सोडून ‘आधी तू काय केलंस, मग त्याने काय केलं, मग तू’ असं गोलात मांडायला लावा. दोन-तीन वेळा झालं की मुलं मोठ्यांचे फेरेही काढू लागतात. ते थोडं अडचणीचं असतं, पण थांबवू नका.

कुठे वापरू नये

मारहाण, धाकदपटशा किंवा लैंगिक अत्याचार असेल तर फेरा काढत बसू नका. ‘प्रत्येकाचा वाटा असतो’ हे वाक्य तिथे सरळसरळ अन्याय आहे. कुटुंबोपचारातल्या या गोलाकार कारणमीमांसेवर स्त्रीवादी समुपदेशकांनी नेमकी हीच टीका केली, आणि ती रास्त होती: फेऱ्यातल्या सगळ्यांच्या हातात सारखी सत्ता नसते. तिथे आधी सुरक्षितता.

तसंच नजरेचा दोष, ऐकू कमी येणं, वाचनातली अक्षमता, नैराश्य यांची तपासणी करायची सोडून घरच्या घरी बाण काढणं म्हणजे दुखणं एकीकडे आणि औषध दुसरीकडे. शंका असेल तर तपासणी आधी करून घ्या, कागद नंतर.

ठरलेल्या तारखेला

पहिल्या पायरीतली रेघ पुढे वाढवा. अंदाजाप्रमाणे झालं असेल तर तो बदल तसाच चालू ठेवा आणि पुढचा बाण लगेच उचलू नका. अंदाज चुकला असेल तर प्रत्येक बाणापाशी थांबून विचारा: असं खरंच होतं का, की मला तसं वाटत होतं? बहुतेकदा एखादा बाण खोटा निघतो किंवा एखादा राहून गेलेला असतो. ‘अभ्यास जमला की आवड वाढते’ हा बाण सगळे काढतात. ‘जमला की अजून अवघड अभ्यास समोर येतो’ हा फार थोडे. तो जोडला की काही हुशार मुलं मध्येच का थंडावतात हे दिसतं. जुना कागद फाडू नका. त्यावर तारीख घाला, नवा कागद घ्या, आणि या वेळी पहिला बाण मुलाला काढू द्या.